दोन रात्रींची खोली

(शाळेच्या १९७५ च्या दहावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'निवृत्तीनंतरचा एक प्रवास', आणि वेळ दिली आहे पंधरा मिनिटं. मी एस.टी.त चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. त्यामुळे गाडी वेळेवर सोडण्याची सवय आहे, वेळेवर पोचवण्याची हमी मात्र आम्ही कधीच दिली नाही.

आमच्या सौभाग्यवती समोर बसल्या आहेत. त्याही आपल्याच शाळेच्या, दोन वर्षं मागच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. मी कुठे वाढवून सांगितलं तर त्या हात वर करतील, असं घरून निघतानाच ठरलं आहे.

आम्ही दोघं २०२० साली न्यूझीलंडला फिरायला गेलो होतो. सव्वीस दिवसांसाठी गेलो आणि चार महिन्यांनी वाईला परत आलो. ही गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. काही जणांना तर माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण तिचा अर्धा भाग इथे गंगापुरीत, आमच्या घरात घडला. आज दोन्ही अर्धे एकत्र सांगायचे आहेत.

निवृत्तीच्या पैशांतून एक मोठा प्रवास करायचा हे ठरलेलं होतं. हिला समुद्र हवा होता, मला डोंगर. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर दोन्ही शेजारी शेजारी मिळतात. २७ फेब्रुवारीला आम्ही मुंबईहून निघालो. त्या दिवशी भारतातले करोनाचे एकूण रुग्ण तीन, तिघेही केरळातले आणि तिघेही बरे झालेले. ऑकलंडला उतरलो त्या २८ तारखेला न्यूझीलंडचा पहिला रुग्ण जाहीर झाला. विमानतळावरच्या टीव्हीवर बातमी चालली होती आणि लोक आपापल्या बॅगा शोधत होते.

घरी आई होती, वय वर्षं शहाऐंशी. "जाऊन या रे, मी काय पळून जाते आहे का," असं तीच म्हणाली. शेजारच्या गावातून एक बाई रोज सकाळी यायच्या आणि रात्रीही तिच्या सोबतीला थांबायच्या. मुलगी बेंगळुरूला नोकरीला. व्यवस्था अशी चोख लागलेली होती.

तीन आठवडे मजेत गेले. २१ मार्चला आम्ही ओमारू नावाच्या गावात पोचलो. दक्षिण बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं चौदा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या पांढऱ्या चुनखडीच्या मोठाल्या इमारती, एक जुनं बंदर, आणि जगातले सगळ्यात छोटे, जेमतेम एक किलो वजनाचे निळे पेंग्विन. दिवसभर समुद्रात मासे खाऊन संध्याकाळी अंधार पडला की ते रांगेने किनाऱ्यावर येतात. ते बघायचे म्हणून एका छोट्या मोटेलमध्ये दोन रात्रींची खोली घेतली होती. तिथून क्राइस्टचर्च, २४ मार्चचं विमान, सिंगापूरमार्गे मुंबई.

२२ मार्चला भारताने आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली. आधी आठवडाभरासाठी म्हणाले. २३ च्या मध्यरात्रीपासून सिंगापूरने बाहेरच्या प्रवाशांना नुसतं विमान बदलायलाही बंदी केली. आमच्या विमान कंपनीची दोन ओळींची ईमेल आली की आपलं उड्डाण रद्द झालं आहे. त्याच २३ तारखेला दुपारी पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न टीव्हीवर आल्या आणि म्हणाल्या, अठ्ठेचाळीस तासांत सगळा देश घरात बसेल. आम्ही खोलीतल्या पलंगावर बसून ऐकत होतो. 'घरात' म्हणजे आम्ही कुठे, हा प्रश्न दोघांच्याही मनात एकदमच आला असणार, कारण दोघंही एकमेकांकडे न बघता टीव्हीकडेच बघत राहिलो.

त्या मोटेलच्या मालकीणबाई सत्तरीच्या होत्या. एकट्याच सगळं बघायच्या. आम्ही आपसात त्यांना मावशी म्हणायचो. संध्याकाळी त्यांनी दार वाजवलं, चार पावलं मागे सरकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "क्राइस्टचर्चला जाऊन काय करणार? इथेच राहा. पैशांचं बघू." एका रात्रीचे एकशेवीस डॉलर होते, त्यांनी पन्नास केले. तेव्हा एक डॉलर म्हणजे सुमारे पंचेचाळीस रुपये. पन्नास डॉलरही आमच्यासारख्याला थोडे नव्हेत. पण 'राहा' हा शब्द त्या दिवशी जगात आम्हाला फक्त त्यांनीच म्हटला होता.

दोन रात्रींच्या त्या खोलीत आम्ही एक्क्याऐंशी रात्री राहिलो.

२५ मार्चच्या रात्री तिथलं लॉकडाऊन सुरू झालं. त्याच दिवशी भारतातलंही. आणि त्या दिवशी गुढीपाडवा होता. हिने खिडकीत गुढी उभारली. काठी म्हणून मावशींचा झाडू, त्याला हिची रेशमी ओढणी आणि वर मोटेलचा स्टीलचा मग. कडुनिंब नव्हता, साखरेची गाठी नव्हती. मावशींनी लांबूनच विचारलं, हे काय? ही म्हणाली, आमचं नवीन वर्ष. मावशी म्हणाल्या, "बाई गं, काय वर्ष निवडलंत!"

तिथे 'बबल' असा शब्द निघाला. आपल्या घरातली माणसं म्हणजे आपला बुडबुडा, त्यात दुसऱ्याने शिरायचं नाही. आमचा बुडबुडा दोघांचा. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, पण त्यातली किती सोबत काढली? मी पहाटेच्या ड्यूटीला, ही साडेदहाच्या शाळेला. सुट्टीत पाहुणे. घरात आई, पुढे मुलगी. एका खोलीत सबंध दिवस फक्त आम्ही दोघं, असे सलग चार दिवससुद्धा कधी आले नव्हते. पहिल्या पंधरा दिवसांत आम्ही पुरेसं भांडून घेतलं. एकदा तर ती खिडकीकडे तोंड करून आणि मी भिंतीकडे, असे दोन तास बसलो होतो. मग लक्षात आलं की रुसून जायला दुसरी खोलीच नाही. तेव्हा तिने वेळापत्रक केलं, मी नव्हे. सकाळी चालणं, दुपारी एक वाजता आरोग्य खात्याचे डॉक्टर ब्लूमफील्ड टीव्हीवर रोजचे आकडे सांगायचे ते ऐकणं, चार वाजता चहा, आणि त्यानंतर एक तास कोणी कोणाशी बोलायचं नाही. त्या एका तासाने आमचा संसार टिकला. (हात वर नाही, म्हणजे खरं आहे.)

स्वयंपाकाची सोय खोलीतच होती, पण पहिल्याच दिवशी मोहरीची फोडणी दिली आणि छतावरचा धुराचा भोंगा जो वाजायला लागला, तो बंद होईना. मी टॉवेल हलवतो आहे, ही पंखा शोधते आहे. दुसऱ्या दिवशी दारात विजेची एक कढई आणि लांब वायर ठेवलेली दिसली. वर चिठ्ठी, 'व्हरांड्यात करा.' तेव्हापासून ओमारूच्या रस्त्यावर रोज अकरा वाजता आमच्या आमटीचा वास असायचा.

आता भूगोलाच्या सरांसाठी थोडं. सर, दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात हे तुम्ही आठवीत शिकवलंत आणि मी ते पाठ करून मार्क मिळवले. खरं कळलं ते तिथे. इथे वाईत एप्रिलचा उन्हाळा तापलेला, आणि तिथे झाडं पिवळी पडून दिवस रोज लहान होत चाललेले. आम्ही उन्हाळ्याच्या कपड्यांत गेलेलो. दुकानं बंद, फक्त किराणा आणि औषधं. मावशींनी नवऱ्याचे दोन जाड स्वेटर दिले. ते गेल्यापासून कपाटात होते, म्हणाल्या.

५ एप्रिलला तिथली घड्याळं एक तास मागे घेतली. आधी भारत आणि आमच्यात साडेसात तासांचं अंतर होतं, ते साडेसहा झालं. ही म्हणाली, "वाई एक तासाने जवळ आली." त्याच रात्री नऊ वाजता तुम्ही सगळ्यांनी इथे दिवे लावले होते. तेव्हा तिथे पहाटेचे साडेतीन झाले होते. मुलीने व्हिडिओ लावून दाखवला. आम्हीही मोबाईलचा दिवा लावून खिडकीत उभे राहिलो. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

व्हिसाची धास्ती होती. आमचा मेमध्ये संपत होता. पण २ एप्रिल ते ९ जुलैच्या दरम्यान संपणारे तात्पुरते व्हिसा त्या सरकारने आपण होऊनच २५ सप्टेंबरपर्यंत वाढवले. अर्ज नाही, फी नाही. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी फोनवर तपासून चिठ्ठी दिली. सिव्हिल डिफेन्सचा फोन येऊन गेला, जेवायला आहे ना, पैसे आहेत ना. परक्या देशातल्या दोन म्हाताऱ्यांची कोणी अशी चौकशी करावी, याचं आम्हाला फार वाटलं. तिथल्या माओरी भाषेत याला एक शब्द आहे, 'मनाकितांगा'. पाहुण्याला जपणं, त्याचा मान राखणं.

हा झाला तिकडचा अर्धा भाग. आता इकडचा.

लॉकडाऊन लागलं आणि दुसऱ्याच दिवशी आसपासच्या गावांनी आपापल्या वेशी बंद केल्या. रस्त्यावर काटे टाकले, दगड टाकले. घाबरलेली माणसं होती, त्यांना मी दोष देत नाही. पण आईकडे येणाऱ्या बाई पाडव्याला सकाळी घरी गेल्या होत्या, त्या तिकडेच अडकल्या. मुलगी बेंगळुरूला अडकलेली. आई घरात एकटी. तिला दिसायचं कमी, गुडघे दुखायचे, आणि बीपी-साखरेच्या मिळून पाच गोळ्या दिवसातून तीन वेळा.

मी आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर एक ओळ टाकली. तिथे रात्र झाली होती, इथे दुपार. तो गट तोपर्यंत सुप्रभात आणि वाढदिवसांसाठीच होता. पंधरा मिनिटांत पहिला फोन आला, आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत आईच्या पुढ्यात ताट होतं.

वाईत राहणारे आपले सात जण त्या कामात होते. त्यांनी मला बजावलं आहे की व्यासपीठावरून नावं घ्यायची नाहीत. मी घेत नाही. इथे सगळ्यांना ती माहीत आहेत, आणि ज्यांना नाहीत त्यांनी जेवणाच्या वेळी विचारावं.

औषधाचं दुकान असलेल्या मित्राकडे पोलिसांचा पास होता. तो सकाळी दुकानात जाताना गोळ्या तीन पुड्यांत बांधून द्यायचा. पुड्यांवर मोठ्या अक्षरात सकाळ, दुपार, रात्र. जेवणाचे वार ठरले. सात घरं, सात वार. ड्यूटी लावणं हा माझा जन्माचा धंदा, म्हणून तक्ता मी ओमारूला बसून करायचा आणि गटावर टाकायचा. बदली ड्यूटीसकट! आईचं जिभेचं काम मात्र चोख होतं. तिने पंधरा दिवसांत मला फोनवर सांगितलं, "मंगळवारचं मीठ कमी असतं, आणि शुक्रवारची पोळी तुझ्या बायकोपेक्षा मऊ." मंगळवारवाल्यांनी आज मोठ्या मनाने ऐकून घ्यावं.

१८ एप्रिलची रात्र. तिथे पहाटेचे साडेपाच वाजले होते. फोन वाजला. रात्री दूध द्यायला गेलेला मित्र दारातून बोलत होता. आईला ताप आहे, अंग थरथरतं आहे, नीट बोलत नाही.

ते दिवस आठवा. ताप म्हटलं की शेजारी खिडक्या लावून घेत होते. लस नव्हती, औषध नव्हतं, आणि हा आजार साठीच्या पुढच्यांना जास्त धोक्याचा हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं. आणि आपण सगळेच साठीचे होतो. मी त्याला काय सांगणार? 'आत जा' म्हणायचा मला काय हक्क? मी काहीच बोललो नाही. ही माझ्या शेजारी बसली होती, तिने माझ्या हातातला फोन घेतला, पण तिलाही शब्द फुटेना.

तिकडून तोच म्हणाला, "तू फोन चालू ठेव. मी आत जातो."

अर्ध्या तासात आपल्या वर्गातली मैत्रीण आली. ती सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेली. पावसाळ्याचा रेनकोट, डोळ्यांवर चष्मा, तोंडाला दोन फडकी. तिने आईला तपासलं, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, डॉक्टरांशी फोनवर बोलली. सकाळी दवाखान्यात नेण्याची व्यवस्था झाली. तो करोना नव्हता, लघवीचा संसर्ग होता. पण हे कळायला तीन दिवस लागले, आणि ते तीन दिवस ही दोघं, करोना आहे असं धरूनच, त्या घरात होती. पुढे आणखी सहा रात्री ती मैत्रीण आईजवळ झोपली. घरी तिच्या यजमानांना मधुमेह, म्हणून रोज सकाळी आमच्या परसात आंघोळ करून, कपडे तिथेच उकळून, मग ती घरी जायची.

त्या तीन दिवसांत आम्ही काय केलं म्हणाल, तर चाललो. तिथे घराजवळ चालायला परवानगी होती. बंदरापर्यंत जायचं आणि यायचं. संध्याकाळी एकदा अंधार पडत असताना एक पेंग्विन रस्त्याच्या कडेला येऊन थांबला, इकडेतिकडे बघितलं आणि डुलत डुलत रस्ता ओलांडून एका जुन्या इमारतीखाली शिरला. तिकीट काढून बघायला आलो होतो, ते फुकट दिसलं. ही म्हणाली, "याला बघ रोज घरी जाता येतं." प्रवासात ती रडली ती फक्त तेव्हा.

चौथ्या दिवशी आईचा आवाज आला. पहिलं वाक्य, "तुझ्या त्या नर्सबाईला सांग, रेनकोट काढ, मला भीती वाटते."

मावशींना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, हे तुमचे नातेवाईक का? मी म्हणालो, नाही, आम्ही एका वर्गात होतो. किती वर्षांपूर्वी? पंचेचाळीस. त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "शाळा चांगली असणार." गुरुजनहो, हा अभिप्राय मी पाच वर्षं सांभाळून ठेवला होता, आज तुमच्यापर्यंत पोचवला.

पुढचं थोडक्यात. ७ मेपासून आपल्या सरकारने 'वंदे भारत' विमानं सुरू केली. वेलिंग्टनच्या भारतीय उच्चायुक्तालयात नाव नोंदवलं होतं. आजारी, वृद्ध, गरोदर स्त्रिया आधी, त्यामुळे आमचा नंबर जूनमध्ये लागला. ८ जूनला न्यूझीलंडमध्ये एकही रुग्ण उरला नाही असं जाहीर झालं आणि १० जूनला आम्ही ओमारू सोडलं. म्हणजे जिथे रोग संपला होता तिथून निघून, जिथे वाढत होता तिथे आम्ही चाललो होतो. लोक म्हणाले, थोडं थांबा. हिने एकच उत्तर दिलं, "आपल्याला कुणी विचारलं नाही की तिथे रोग आहे का. ते आत गेलेच ना?"

निघताना मावशी फाटकापर्यंत आल्या. तोपर्यंत हात मिळवायला परवानगी झाली होती. ऐंशी दिवस चार पावलं लांब उभी राहिलेली ती बाई पुढे आली आणि हिला मिठी मारली. दर पाडव्याला आमचा फोन असतो. ऑकलंडहून दिल्ली, सात दिवस हॉटेलात विलगीकरण, मग पुणे, मग वाई, आणि घरात पुन्हा वेगळी खोली. आई मधल्या उंबऱ्यापलीकडे खुर्ची टाकून बसायची आणि मला वारांचा हिशेब सांगायची. ती २०२२ साली गेली, त्याच घरात, झोपेत. तिला खांदा द्यायला हेच लोक होते.

मित्रांनो, लोक मला विचारतात की त्या प्रवासातून काय मिळालं. त्या काळात सगळ्या जगाचा नियम होता की लांब राहा. नियम बरोबरच होता. मावशींनी तो पाळून, चार पावलं लांब उभं राहून, जमेल ते सगळं दिलं. आणि इथे आपल्या लोकांनी, जिथे लांब राहून भागणार नव्हतं, तिथे आत पाऊल टाकलं. दोन्हींची आम्हाला गरज होती. त्यातलं एक जरी नसतं तरी आज मी इथे हसत बोलत नसतो.

आता कामाचं बोलतो आणि संपवतो. आज आपण सहासष्ट-सदुसष्टचे आहोत. निम्म्यांची मुलं पुण्या-मुंबईला, काहींची परदेशी. आपल्यातले काही जण एकटे राहतात. तेव्हा आई माझी होती, पुढच्या वेळी त्या खुर्चीत आपल्यापैकी कोणी असेल. म्हणून मी एक तक्ता करून आणला आहे. जुनी सवय! बाहेर नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. त्यात प्रत्येकाने चार गोष्टी लिहायच्या. घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, रोजची औषधं कोणती, डॉक्टर कोण, आणि रात्री दोन वाजता आपल्या वर्गातल्या कोणाला फोन करायचा. शेवटचा रकाना रिकामा ठेवून कोणीही जेवायला जायचं नाही. ज्याला नाव सुचणार नाही, त्याने माझं लिहावं. वाहतूक नियंत्रक रात्रपाळीला जागाच असतो.